टाचणीकाकांचा जिना

मित्रांनो, चौकाच्या कोपऱ्यावरची जुनी विटांची दुमजली इमारत म्हणजे मीच. खाली शिंप्याचं दुकान, वर त्याचं घर आणि दोन्हींना जोडणारा, गोल गोल वर चढत जाणारा अरुंद लाकडी जिना. तो माझा दागिना. ज्या सुताराने तो केला, त्याने एकही खिळा वापरला नाही. नुसत्या खाचेत खाच बसवली. मालक रोज कुरकुरायचा, "अहो, जिना करताय की पाळणा?"

माझी उमेदीची वर्षं शिवणयंत्रांच्या आवाजात गेली. शेवटचे शिंपी म्हणजे टाचणीकाका. तोंडात टाचण्या धरूनच बोलायचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला अर्धंच कळायचं आणि घासाघीस राहूनच जायची. जिन्याला ते हौसेने तेल पाजत. येईल त्याला सांगत, "हात लावून बघा, लोणी आहे लोणी!" मी सुखावत असे.

मग शेजारच्या इमारती एकेक करून पडल्या. तेव्हा कुठे शहराला जाग आली. कोणत्या जुन्या इमारती राखायच्या, हे ठरवायला समिती नेमली गेली. माझ्या दारावर सूचना लागली : 'विचाराधीन. निर्णय होईपर्यंत कोणताही बदल करू नये.' मी हरखून गेले. ती सूचना म्हणजे बाहेरून घातलेली कडी आहे, हे मला काय ठाऊक!

त्याच वर्षी टाचणीकाकांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून परतताना त्यांना चादरीत घालून कसंबसं वर चढवलं. त्यानंतर त्यांना खाली येताच येईना. लेकीने मागच्या बाजूला छोटी लिफ्ट बसवायची परवानगी मागितली. उत्तर आलं, "विचाराधीन." जिना काढून रुंद करू का, म्हणून विचारलं. "विचाराधीन." काका खिडकीत बसून राहत. ओळखीचं कुणी दिसलं की हात हलवत. मी तर जन्मभर एकाच जागी उभी. पण कोंडलं जाणं म्हणजे काय, ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. आणि त्यांना कोंडणाऱ्या भिंती माझ्याच होत्या.

अखेर समिती आली. माझं वय किती, मूळचं काय काय उरलंय, असं बांधकाम शहरात आणखी कुठे आहे का, आसपासच्या लोकांना माझ्याविषयी काय वाटतं, सगळी चौकशी झाली. एक वास्तुतज्ज्ञ बाई जिन्यापाशी आल्या आणि बोलता बोलता थांबल्या. "असा दुसरा नाही हो," त्या हलकेच म्हणाल्या.

वर काका वाटच बघत होते. म्हणाले, "बाई, तो जिना तोडा."

"काका, अहो, तुम्हीच तर तो इतका जपलात!"

"जपला ना. पण आता मला खाली जायचंय. चौकात बसून चार माणसांशी बोलायचंय."

"बाबा, राहू द्या," लेक म्हणाली. मग ती अध्यक्षांकडे वळली. "यांचं काय करायचं, तेही आजच ठरवा."

अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांची मान खाली गेली. "ताई, आम्हाला इमारतीचं ठरवता येतं. आत राहणाऱ्यांसाठी आमच्याकडे रकानाच नाही."

'तोडा' ऐकून मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण मला वाचा असती, तर मीही तेच म्हटलं असतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. मी शहराचा वारसा ठरले. जिना जसाच्या तसा ठेवायचा. मागे लिफ्टला हरकत नाही, पण आराखडे तपासून. ते तपासणं काही संपेना. शेवटी एका थंडीतल्या सकाळी समोरच्या गॅरेजमधल्या दणकट मेकॅनिकने काकांना पाठुंगळी घेतलं आणि पायरी पायरी चाचपत खाली आणलं, लेकीच्या घरी न्यायला. उतरताना काकांनी कठड्याला हात लावला नाही. ते दाराकडेच बघत होते.

आता मला कुलूप आहे. छप्पर गळलं तर शहर दुरुस्त करतं, वाळवी लागू देत नाही. पुढे पितळी पाटी आहे. परवा शाळेची सहल आली होती. एका मुलीने माहिती सांगणाऱ्या दादाला विचारलं, "आत कोण राहतं?"

"कुणीच नाही," दादा कौतुकाने म्हणाला, "म्हणून तर इतकी छान राहिलीय!"

मित्रांनो, आम्हा जुन्या इमारतींना जरूर जपा. पण आमचा निवाडा करायला बसाल, तेव्हा आत कोण अडकलंय, ते आधी बघा. त्याला वाट करून द्यायला माझी एखादी भिंत फोडावी लागली, तर खुशाल फोडा. एका भिंतीने मी काही पडत नाही.