नावापुढचा श्री

मी अमरावतीच्या केशवरावांच्या कापडदुकानाचं उधारीचं कार्ड बोलतोय. आज एका पत्र्याच्या पेटीच्या डुगडुगत्या कोपऱ्याखाली चौघडी होऊन पडलोय. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

सत्तावन्न साली मी छापखान्यात जन्मलो. गुलाबी रंग, समोर ठसठशीत अक्षरांत ‘सहा हप्ते, व्याज नाही’. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत खरं काय ते होतं. माल याच दुकानातून घ्यायचा, आणि एक जरी हप्ता चुकला तरी पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर व्याज. तोंडाने एक बोलायचं आणि पाठीवर दुसरंच, असला जन्म माझ्या वाट्याला आला.

माझे मालक शेषराव, बांधकाम कचेरीत शिपाई. आदल्या वर्षी बायको पंचफुलासोबत नागपुरात बुद्धधम्माची दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या बापाला दुकानाच्या पायरीखाली उभं ठेवत आणि कापड वरून टाकत. माझ्यावर कारकुनाने ‘श्री. शेषराव’ लिहिलं, तेव्हा हा भला माणूस नुसता बघत राहिला. मला जपून खिशात ठेवलं, ज्याला त्याला दाखवलं, पण उलटून काही वाचलं नाही.

वैशाखात बुद्धजयंतीची मिरवणूक होती. वस्तीतल्या साऱ्या बाया पांढऱ्या पातळात निघणार होत्या. पंचफुलासाठी पहिलं पांढरं पातळ घ्यायला दोघं दुकानात आले. दर्शनी फळीवर पांढऱ्या पातळांची चळत होती.

केशवराव जागचे न हलता म्हणाले, "शेष्या, तो माल रोखीचा. कार्डवाल्यांनी मागच्या खोलीत जायचं."

मागच्या खोलीत दोन सालांपासून न खपलेला माल होता, आणि भाव चढा. शेजारच्या दुकानात पांढरं पातळ होतं, स्वस्तही होतं, पण तिथे मला कोण विचारतो? पंचफुला नको नको म्हणत असताना शेषरावांनी घडीवर विटलेलं एक जांभळं घेतलं. कार्ड असून रिकाम्या हाताने परतणं त्यांना कमीपणाचं वाटलं. मिरवणुकीच्या दिवशी पंचफुला घराबाहेर पडली नाही. दाराआडून पाहत राहिली.

पुढे कचेरीचा पगार दोन दिवस लांबला आणि हप्ता चुकला. दुकानाने सगळ्या रकमेवर व्याज लावलं. घराशेजारच्या शकुनबाई शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी मला उलटं केलं आणि पाठ मोठ्याने वाचून दाखवली. माझी अक्षरं मलाच टोचत होती.

त्या म्हणाल्या, "आमच्या सरकारी नोकरांच्या सहकारी भांडारात या. सगळ्यांना एकच भाव, हवं ते निवडा, आणि सालाखेरीस खरेदीवर काही पैसे परत मिळतात."

शेषराव चाचरत म्हणाले, "पण यावर आपल्या नावापुढं श्री आहे."

पंचफुला भडकली. "तोंडानं तर तो तुमाले शेष्या म्हणते. मंग हा श्री काय कामाचा? त्याच्यापायी मी घरात बसून राहिली, समजलं का तुमाले?"

शेषराव उरलेले हप्ते व्याजासकट भरत गेले. शेवटचा हप्ता भरताना केशवरावांनी नवं, दुप्पट मालाचं कार्ड पुढे सरकवलं. "घे शेष्या."

"शेषराव म्हणा," ते म्हणाले, "आणि कार्ड नाही पाहिजे मले."

भांडारातला माणूस उठून म्हणाला, "या शेषरावजी, पातळं दाखवू का?" पंचफुलाने कितीतरी पातळं बोटांनी चाचपून पाहिली, मग एक पांढरं घेतलं. सालाखेरीस जे पैसे परत आले, त्यात त्यावरच्या पोलक्याचं कापड आलं.

तेव्हापासून मी इथे आहे. मला बाहेर काढू नका, मी याच लायकीचा. फक्त माझा एखादा भाऊ तुमच्या हाती आला, तर आपलं नाव वाचण्याआधी त्याची पाठ वाचा.

दर वैशाखात वर पेटी उघडते. पंचफुला पांढरं पातळ काढते, नेसते आणि मिरवणुकीत पुढच्या रांगेत चालते. तेवढा दिवस माझ्या अंगावरचं ओझं थोडं कमी असतं.