टाइप केलेल्या अक्षराला प्राण नसतो

घड्याळजी परत आले आणि गटात एकच गलका झाला.

गटाचं नाव ‘सोबत’. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे अशांनी एका ॲपवर जमवलेला हा कट्टा. कोणी गेलेल्या नवऱ्याला रोज पत्र लिही, कोणी लेकाला, आणि बाकीचे खाली दोन शब्द लिहून धीर देत. मग एकाएकी काहींच्या लिहिण्याखाली शुकशुकाट झाला. ना उत्तर, ना विचारपूस. माणसं आधी चिडली. “तुमच्या वेळी आम्ही रडलो, आमच्या वेळी तुमची तोंडं शिवली का?” गट चालवणाऱ्या बाईंना इतके बोल लागले, की त्या गट सोडूनच गेल्या. राग ओसरला तेव्हा मागे भीती उरली. आणि भीती मुक्कामाला आली, की तिचं बोट धरून एखादे महाराज येतातच.

इथे आले ते सेतूमहाराज. त्यांचं निदान तयार होतं.

“पलीकडचे नाराज आहेत. त्यांचे आवाज तुम्ही फोनमध्ये कोंडलेत, म्हणून त्यांनी तुमचा आवाज कोंडला. ज्याला उत्तर येत नाही, तो अर्धा तिकडे गेलाच समजा. आधी तो आवाज कायमचा पुसा. मग माझ्या मंत्रासह स्वहस्ते कागदावर लिहा, शेजारी मेणबत्ती लावा आणि फोटो मला पाठवा. सेतूवरून मी पार करतो. टाइप करू नका. टाइप केलेल्या अक्षराला प्राण नसतो.” वर चवीपुरत्या ‘लहरी’ आणि ‘कंपनं’ होतीच.

घड्याळं दुरुस्त करणारे म्हणून घड्याळजी. बरेच दिवस त्यांचा पत्ता नव्हता. आज महाराजांनी गटात टाकलेल्या फोटोत मेणबत्तीच्या उजेडात त्यांचं कापरं अक्षर दिसलं: ‘बायकोचं मरण झाल्यापासून तिचा आवाज जपला होता. आज पुसला. मोकळा झालो.’ खाली उत्तरांचा पाऊस पडला. महाराजांचा जयजयकार झाला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वहिनी ते वाचत होती. समोर कोरा कागद आणि मेणबत्ती होती. ननंद कामावरून आली ती दारातच थबकली.

“हे काय मांडलंय, वहिनी?”

“वन्सं, आज पुसते म्हणते.”

काय पुसते ते विचारायची गरज नव्हती. वहिनीची मुलगी गेली तेव्हा मागे तिच्या आवाजाचा एकच निरोप राहिला होता. ‘आई, किल्ली कुंडीखाली ठेवलीय. लवकर ये.’ वहिनी रोज संध्याकाळी तो लावायची. भिंतीपलीकडून तो आवाज आला, की ननंदेची नजर आपोआप दाराशी, चपलांकडे जायची. मग ती स्वतःवरच चिडायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

“रोज लिहिते मी लेकीला,” वहिनी म्हणाली. “कोणी बोलत नाही. घड्याळजी तरी बोलायचे. मी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय. परवा दुकानात वाण्याने हाक ऐकली नाही, तर वाटलं, झालं, गेले मी.”

ननंद रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. तिथला रिवाज असा, की अहवाल विचित्र आला तर रोग्याला घाबरवायचं नाही. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना आधी मशीनमध्ये घालायचा. मशीन खरं बोलतंय का ते पाहायचं, मग माणसाकडे वळायचं.

“पुसा,” ती म्हणाली. “पण आधी मला चहा होईपर्यंत वेळ द्या.”

आपल्या फोनवरून ती गटात शिरली. ‘आज हवा बरी आहे,’ तिने टाइप केलं. वहिनीच्या फोनवर ते लगेच उमटलं.

पुढच्या वाक्यात ‘मरण’ होतं. हा शब्द तिने आजवर तोंडाने उच्चारला नव्हता. ‘माझ्या भाचीचं मरण मी पाहिलं.’ तिच्या फोनवर ते ठळक दिसत होतं. वहिनीच्या फोनवर काहीच आलं नाही. दोन फोन शेजारी शेजारी होते. एकात ती बोलत होती, दुसऱ्यात ती नव्हतीच. क्षणभर तिलाही महाराज खरे वाटले.

मग तिने तेच वाक्य महाराजांचा मंत्र जोडून टाइप केलं. नाही उमटलं. ‘मरण’ गाळून पाहिलं, लगेच उमटलं. मग पूर्ण वाक्य कागदावर लिहून नुसता फोटो टाकला, मेणबत्ती नाही, महाराज नाहीत. वहिनीच्या फोनवर तो टपकन आला. खाली कोणा अनोळखी बाईने लिहिलं, ‘ताई, मी आहे.’

“म्हणजे?” वहिनीने विचारलं.

“म्हणजे ॲपचं मशीन टाइप केलेलं वाचतं आणि ‘मरण’ दिसलं की ते लपवतं. लिहिणाऱ्याला दिसतं, इतरांना नाही. कागदाचा फोटो त्याला वाचता येत नाही, म्हणून तो सुटतो. तुमच्याशी कोणी अबोला धरला नव्हता, वहिनी. तुमचं लिहिणं कोणापर्यंत पोचतच नव्हतं.”

शोधल्यावर सेटिंगच्या तळघरात एक ओळ सापडली: ‘आपल्या सुरक्षिततेसाठी अनुभव अधिक चांगला केला आहे.’ जिवाला धोका होईल असलं लिखाण रोखायला कंपनीने चाळणी लावली होती. हेतू बरा असेल. पण कोणाला धड सांगितलं नाही, आणि दुखवट्याच्या गटात मरणाचं नाव घ्यायचं नाही तर घ्यायचं कुठे?

“आणि महाराज?”

“त्यांचं सगळं वाचून काढा. पलीकडचे, निर्गमन, परलोक. तो एक शब्द त्यांनी एकदाही टाइप केलेला नाही. चाळणीचं भोक त्यांना चांगलं ठाऊक आहे.”

ननंदेने हे सगळं कागदावर लिहिलं आणि फोटो गटात टाकला. ज्याने त्याने घरी करून पाहिलं. ‘श्रद्धेची परीक्षा यंत्राने होत नसते,’ असं म्हणून महाराज भक्तांना घेऊन दुसऱ्या गटात गेले. कंपनीवर इतका गदारोळ झाला, की शेवटी तिने ‘कळवण्यात त्रुटी राहिली’ म्हणत लपवलेलं सगळं खुलं केलं.

जुने शब्द एकेक करून वर आले, त्यांत घड्याळजींचेही होते. ‘माझ्या मरणाची वाट बघताय का सगळे?’ ‘लेकीची आई, रागावलात? मरणाच्या गोष्टी फार केल्या का मी?’ गटात वहिनीला ते ‘लेकीची आई’ म्हणत. वाचता वाचता ती रडली.

सगळ्यात शेवटी त्यांचं ताजं वाक्य होतं. ‘सगळं परत आलं म्हणता. मग तिचा आवाज कधी येणार?’

त्याखाली शुकशुकाट होता, आणि या वेळी दोष मशीनचा नव्हता. ननंदेने गटात एवढंच लिहिलं: ‘अघटित दिसलं तर आधी तपासा. एकट्याने जमलं नाही तर दुसऱ्याला सोबत घ्या. आणि जे परत आणता येत नाही, ते भीतीपोटी, कुणाच्याही सांगण्यावरून पुसू नका.’

वहिनीने मेणबत्ती खणात ठेवली, फोन जवळ ओढला आणि घड्याळजींना उत्तर टाइप केलं.

‘मी इथेच आहे. ती कशी बोलायची ते मला सांगा. मी ऐकते.’