झुलालनानांचा काजू

सकाळी साडेसहाला झुलालनानांनी झाडाचं पहिलं पिकलेलं फळ तोडलं, खाल्लं आणि त्याच्या बुडाशी लटकणारी बी दाढेखाली धरून फोडली. लगेच खालचा ओठ पेटला. न्याहारीपर्यंत तो असा सुजला की नानांना चहा बशीतूनही पिता येईना.

कोकणातल्या एका लग्नाहून परतताना काजूचं हे रोप नानांनी मांडीवर घेऊन आणलं आणि पारोळ्याजवळच्या मळ्यात, घराच्या दारासमोर लावलं. कपाशीच्या मुलखात काजू, म्हणून गावाने त्यांची यथेच्छ टर उडवली. नाना पाणी घालत राहिले. बायको भिकुबाईचं म्हणणं पहिल्यापासून वेगळंच होतं: रोपवाल्याने बिब्बा गळ्यात मारला. फळाबाहेर लटकलेली बी तिने सातपुड्यात बिब्ब्यालाच पाहिली होती, आणि बिब्बा उतला, म्हणजे त्याचं तेल अंगावर फुटून आलं, की काय होतं तेही. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक कोकिळा येणार, तिचं रांगतं पोर याच झाडाखाली खेळणार. बिब्बा निघाला तर झाड तोडायचं, हे नानांनी कबूल केलं होतं. म्हणून तर फळ त्यांनी तिच्यासमोर खाल्लं.

"कसा शे तुम्हना काजू?" भिकुबाईने विचारलं.

"फळ गोड शे."

"मंग तोंड कसाले सुजनं?"

"काजूना टरफलमा बिब्बासारखंच तेल ऱ्हास. आगवर भाजीसन फोडनं पडस."

"हाई आते आठवनं?"

नाना खरं बोलत होते. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. पण सुजल्या ओठातून निघालेलं खरं कोण ऐकणार?

दुपारी भिकुबाईने लाकूडतोड्या निंबाला बोलावलं. कुऱ्हाड खांद्यावर ठेवूनच तो झाडाभोवती फिरला, मग नानांच्या ओठाकडे बघत राहिला.

"अक्का, बिब्बा व्हई ते मना हात सुजतीन. आनि काजू व्हई ते तोडानं कसाले?"

चहा पिऊन तो निघून गेला. नाना हसायला गेले आणि कळवळले.

संध्याकाळी भिकुबाईने बुंध्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दुसरा लाकूडतोड्या अजून मिळालेला नाही. वरच्या फांदीवर आणखी दोन फळं लाल झाली आहेत, आणि कोकिळा लेकराला घेऊन धुळ्याहून बसमध्ये बसली आहे.