अर्ध्या विचाराची चाल

खऱ्या विचारवंताने घड्याळाकडे पाहू नये. हे तत्त्व मी माझ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवलं होतं आणि त्यामुळे माझे सासरे त्याच्या एकेका चालीत चहा करून, पिऊन, कप विसळून परत येत.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना घरात खेळायला जोडीदार हवा होता. अट एकच, चालीला दहा सेकंद. दोघा जावयांपैकी ज्याचा प्रोग्रॅम पसंत पडेल, तो त्यांच्या कम्प्युटरवर राहणार. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. साडू दातांचा डॉक्टर. निकाल लागल्यातच जमा होता.

माझा प्रोग्रॅम आधी एक चाल पुढचं बघे, मग दोन, मग तीन. हाती घेतलेली पातळी पुरी झाल्याशिवाय घड्याळाकडे ढुंकूनही बघत नसे.

"जावईबापू, हा विचार करतोय की डोळा लागलाय?"

"खोलात गेलाय, बाबा."

"मग दोर सोडा कुणीतरी."

साडूचा प्रोग्रॅम मात्र दहा सेकंद झाले की चाल खेळून मोकळा. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर तो हात आजवर एकदाच आला होता; जिना उतरताना, आधाराला.

"सोपं आहे हो," साडू मला म्हणाला. "पेशंटसारखंच. मधूनमधून घड्याळ बघायचं, वेळ झाली की थांबायचं. आणि थांबल्यावर..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी तो हात बघत होतो. अजून तिथेच होता.

"फोन करून नीट विचार ना त्याला," घरी बायको म्हणाली.

"दात दुखला की करीन."

पुढच्या रविवारी माझा प्रोग्रॅम बरोब्बर वेळेवर थांबला आणि हातात होती ती चाल खेळला. वजिराने प्यादं मारलं, इथवर तपासून झालं होतं. वजिराला कोण मारतंय हे बघायच्या आत वेळ संपली होती. सासऱ्यांच्या घोड्याने वजीर उचलला.

साडू हळहळला. तेच जास्त झोंबलं.

"अहो, अर्धा पोखरलेला दात तसाच ठेवून पेशंटला घरी पाठवतात का? अपुरी पातळी टाकून द्यायची, आधीच्या पुऱ्या पातळीची चाल खेळायची. म्हटलं होतं की मी!"

डाव संपल्यावर मी प्रोग्रॅम काढून टाकायला बसलो.

"राहू दे," सासरे म्हणाले. "हाच राहू दे." आणि हात माझ्या खांद्यावर आला.

साडूचा चेहरा उतरला. मी तो डोळे भरून पाहिला.

"थोडी दुरुस्ती करून देतो, बाबा."

"हात लावू नका त्याला."

साडूच्या प्रोग्रॅमविरुद्ध ते एकदाही जिंकले नव्हते.