'गो ऑफ'च्या पानावरची सहावी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी, कोपरे झिजलेली, खिशात मावणारी डायरी आहे. जीव माझा मुळातच घाबरट. बर्मिंगहॅममध्ये डॉक्टर शशिकांतांनी मला विकत घेतलं, तेव्हा ते या देशात नवे होते. पेशंटांच्या बोलण्यातलं जे इंग्रजी कळत नसे, ते अर्थासकट माझ्यात टिपून ठेवत. सगळ्यात भरलेलं पान 'गो ऑफ'चं. दूध नासतं, अलार्म वाजतो, माणूस निघून जातो, आवडता पदार्थ नकोसा होतो, बॉम्ब फुटतो. एवढ्याशा शब्दाचे काय हे नखरे! डॉक्टर म्हणत, "ही माझी दुसरी डिग्री." मी फुलून जायचे.

मग ते रिटायर होऊन वॉटफर्डला गेले आणि मी लॉफ्टमधल्या खोक्यात वर्षानुवर्षं धूळ खात पडले.

गेल्या वर्षी त्यांची भाची आश्लेषा डॉक्टर म्हणून इथे आली. मामांनी मला तिच्या हातात दिलं. पोरगी हुशार, पण मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे घरचं वळण. समजो न समजो, मान हलवून "यस, यस" म्हणायची.

एका दुपारी वॉर्डातून सिस्टर पॉलीनचा फोन आला. "डॉक्टर, मिस्टर हॉब्सन हॅज गॉन ऑफ."

"यस, यस, थँक्यू," म्हणत हिने फोन ठेवला आणि घाईघाईने मला उघडलं. अगं बाई! पाच अर्थ, आणि एकही बसेना. हॉब्सन आजोबांचं सकाळीच ऑपरेशन झालेलं, ते कुठे निघून जाणार? ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. वाचत काय बसलीस गं, विचार! पण डायरीला तोंड कुठलं?

शेवटी तिने मला मिटलं आणि फोन लावला. "सॉरी सिस्टर, मला कळलं नाही. त्यांना नक्की काय होतंय?"

"बीपी खाली गेलंय, श्वास लागलाय. लगेच या!"

ती धावत सुटली. खिशात मी जीव मुठीत धरून होते.

आजोबा वाचले. संध्याकाळी पॉलीननेच माझ्यात सहावी ओळ लिहिली, पेशंटची तब्येत अचानक खालावते. "परत फोन केलास, फार बरं झालं," ती म्हणाली. आश्लेषाला रडूच फुटलं.

आता ती मला क्वचितच उघडते, सरळ विचारते. एरवी मी रुसले असते. मित्रांनो, जुन्या डायऱ्या जरूर जपा. पण कुणाचा जीव टांगणीला असेल, तेव्हा आम्हाला खिशातच राहू द्या आणि "मला कळलं नाही" म्हणायला लाजू नका.