वहिनी, ओटीपी सांगा

"आई, तुझे पैसे आहेत कुठे?"

हा प्रश्न जेवताना, काकांसमोर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्यांच्यातल्या एकीचीही घरी विचारायची छाती नव्हती. मी विचारला! बाबांचा घास हातातच राहिला.

"भाऊजींना ठाऊक," आई म्हणाली.

आई शिवणकाम करते. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ, पण स्वतःच्या खात्यात काय चाललंय याचा पत्ता नाही. आमच्याकडची रीतच ती: बाईनं कमवायचं, पुरुषानं बघायचं. काका फोन करतात, "वहिनी, ओटीपी सांगा," आणि आई सुईत दोरा ओवता ओवता आकडे वाचून दाखवते. आजी अंगठा द्यायची, आई ओटीपी देते. झाली सुधारणा!

सुट्टीत मी मोबाईलवर गुंतवणुकीचे फुकट धडे बघितले. पहिलाच धडा: खात्रीनं दुप्पट म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. आणि काका नेमके तेच घेऊन आले होते. मित्राची योजना, वर्षात दुप्पट, खात्रीनं, पण पैसे आजच्या आज भरायचे.

"यात तुमचं काय, काका?"

"आगाऊ कार्टी! आणि तुझा तो मोबाईलवरचा मास्तर? तो काय धर्म म्हणून शिकवतो?"

झोंबलं. तिथंच उघडून बघितलं. खरंच की! व्हिडिओखाली खातं उघडायची लिंक, आणि बारीक अक्षरांत: तुम्ही उघडलंत तर मला दलाली मिळते. काकांना कोण आनंद!

"त्यानं निदान लिहून तरी ठेवलंय," मी म्हणाले. "तुम्हाला मित्र किती देणार?"

काकांनी पेला तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

"पोरीचं काय ऐकायचं!" त्यांनी मोबाईलवर बोट दाबलं. "वहिनी, ओटीपी आला बघा."

आईनं सवयीनं चष्मा लावला. "चार, सात..." आणि थांबली. आज प्रथमच ती खालची ओळ वाचत होती.

"कोणालाही सांगू नका, असं लिहिलंय की भाऊजी."

"अहो, मी कोणीही झालो का?"

आईनं बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते. तिनं फोन पालथा ठेवला.

"आधी मला समजू द्या. भाजी वाढू?"

काका ताटावरून उठून गेले.

"लावलीस ना घरात भांडणं?" बाबा म्हणाले.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी आई आणि मी शिकायला बसणार, मास्तरावरही संशय ठेवून. आणि मी कमवायला लागले की माझा ओटीपी कोणालाही सांगणार नाही. बाबा, तुम्हालाही नाही."