ग्रॅहमच्या शिव्या

वेस मला पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत खुपायला लागला. त्याने माझं काय घोडं मारलं होतं, असं माझ्या बायकोने, राजश्रीने, मला दहा वेळा तरी विचारलं असेल. काहीच नाही. बत्तीस वर्षांचा, उंच, हसरा माणूस. अमेरिकेतल्या ओहायोहून आमच्या न्यूझीलंडच्या, क्राइस्टचर्चच्या ऑफिसात आला आणि सहा महिन्यांत त्याने माझा ग्रॅहम पळवला. हसू नका. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, इमारतींची डिझाइनं करतो, मला दोन मुलं आहेत, आणि मित्र दुसऱ्याने पळवला म्हणून मी जेवणाच्या ताटावरून उठलेलो आहे.

ग्रॅहम मूळचा इंग्लंडमधल्या लीड्सचा. चाळीस वर्षांपूर्वी इकडे आला, आमच्या कंपनीतला सगळ्यात जुना इंजिनिअर. नऊ वर्षांपूर्वी मी इथे लागलो तेव्हा सगळे माझ्याशी इतकं गोड बोलत की मला गुदमरायला व्हायचं. चूक केली तरी 'ऑल गुड, रणजित', केली नाही तरी 'ऑल गुड, रणजित'. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे जिवाभावाचा मित्र भेटला की आधी त्याच्या खानदानाचा उद्धार होतो आणि मग चहा सांगितला जातो. तर तिसऱ्या आठवड्यात ग्रॅहमने माझं ड्रॉइंग माझ्याच टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "यू डाफ्ट सॉड, या जिन्याखाली कॉलम कुठाय? हा काय देवाच्या भरवशावर उभा राहणार?"

माझे डोळे भरून आले. इतक्या दूरवर मला कुणीतरी आपलं माणूस असल्यासारखी शिवी घातली होती.

तेव्हापासून रोज सव्वादहाला, इथे ज्याला स्मोको म्हणतात त्या चहाच्या सुट्टीत, आम्ही दोघं खिडकीजवळच्या टेबलावर बसायचो. राजश्रीच्या हातचा चिवडा मध्ये. ग्रॅहम मला एकेक शिवी समजावून सांगायचा. कुठली कुणाला द्यायची, कुठली बायकोसमोर चालते, कुठली सासूसमोर चालत नाही, कुठली दिल्यावर दोन पावलं मागे सरायचं. असा शिक्षक मला शाळेतही मिळाला नव्हता. मी मात्र त्यातली एकही कधी वापरली नाही. भीती वाटायची. नवी चांगली क्रोकरी काचेच्या कपाटात असते, तशा त्या माझ्याकडे राहिल्या.

एकदाच धाडस केलं. एका मीटिंगमध्ये कंत्राटदाराचा फालतू आकडा ऐकून म्हणालो, "दॅट्स बॉलक्स." म्हणजे हे भिकार आहे. शब्द बरोबर, जागा बरोबर, उच्चारही बरोबर. सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. नंतर आमची मॅनेजर फिओना माझ्याजवळ येऊन हळूच विचारती झाली, "रणजित, घरी सगळं ठीक आहे ना?"

आणि मग हा वेस. याने म्हणे लहानपणापासून ब्रिटिश मालिका बघितल्या होत्या, त्यामुळे न्यूझीलंडला उतरल्या दिवसापासून इंग्लंडमध्येच आल्यासारखा बोलायला लागला. वाक्यात कुठेही, भाजीत मूठभर मीठ टाकावं तसा 'ब्लडी' टाकायचा. 'ब्लडी गुड मॉर्निंग' म्हणायचा. उत्तम गोष्टीला इंग्रज लोक कुत्र्याच्या एका अवयवाची उपमा देतात. याने त्यातला कुत्रा गाळला आणि नुसता अवयव ठेवला. नुसत्या अवयवाचा अर्थ भिकार असा होतो. क्लायंटसमोर त्याने ग्रॅहमच्या डिझाइनचं कौतुक केलं, "धिस इज टोटल बॉलक्स, पीपल!" मला वाटलं, आता याची नोकरी गेली. ग्रॅहम इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसत बसला. क्लायंटही हसला. फिओनाने वेसला घरचं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला वेस आमच्या टेबलावर होता. ग्रॅहमने त्याला पायाने खुर्ची ओढून दिली. मला जे धडे दिले तेच तो त्याला द्यायला लागला. त्याच आवाजात. सासूचा नियमसुद्धा तोच. वेस सगळं उलटंपालटं करायचा, ग्रॅहम पोट धरून हसायचा, आणि मूठ मूठ चिवडा त्या ओहायोच्या तोंडात जायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी नऊ वर्षं बोलण्यात एकही चूक केली नाही म्हणून माझ्यावर कुणी कधी हसलं नाही, आणि हा रोज चुकत होता म्हणून सगळ्यांचा लाडका झाला होता. चुकायचीही मुभा असावी लागते माणसाला. ती याला विमानतळावरच मिळाली होती.

"तू पण हस की त्यांच्याबरोबर," राजश्री म्हणाली.

"मी का हसू? मला सगळं येतं."

"तेच तर," ती म्हणाली आणि मुलीचा डबा भरायला वळली.

या मार्चमध्ये ग्रॅहम निवृत्त व्हायचा होता. निरोपाच्या चहाला टीमतर्फे कुणीतरी बोलायचं असतं. मी बोलणार हे मी गृहीतच धरलं होतं. मनातल्या मनात भाषण दोनदा करूनही झालं होतं. फिओनाने वेसला सांगितलं. मला म्हणाली, "तुला असलं बोलायला आवडत नाही ना, म्हणून तुला त्रास दिला नाही."

मी म्हणालो, "ऑल गुड."

आदल्या दिवशी दुपारी वेस एक कागद घेऊन माझ्याकडे आला. "रणजित, तू हे चेक कर ना. ग्रॅहमची भाषा तुझ्याइतकी कुणाला कळत नाही. मला त्याच्याच शब्दांत बोलायचंय, पण चुकायचं नाहीये. उद्या तरी नाही."

आमच्याकडे कुठलंही ड्रॉइंग दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय ऑफिसबाहेर जात नाही. ही शिस्त ग्रॅहमचीच. काढणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून तपासणारा लागतो. आणि इमारतीला तडा गेला तर आधी तपासणाऱ्याला उभं करायचं. वेसने गंमत म्हणून भाषणाच्या कागदावरही खाली कोपऱ्यात तशी चौकट आखली होती. 'काढलं' पुढे त्याची सही. 'तपासलं' पुढे रिकामं.

भाषण चांगलं होतं, हेच मला सोसवेना. ग्रॅहम कॅल्क्युलेटर वापरण्याआधी उत्तर कागदाच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवतो, इथल्या मोठ्या भूकंपात पडलेल्या घरांवरून जाताना टोपी काढतो. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही अशी माझी समजूत होती. याने सहा महिन्यांत पाहिलं होतं. मी पेन्सिल घेऊन बसलो. दोन ठिकाणी 'ब्लडी' खोडला, एका ठिकाणी योग्य जागी सरकवला, कुत्रा परत आणून बसवला.

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की इतकं सगळं असूनही ग्रॅहम म्हणजे एक 'लव्हली ओल्ड नॉन्स' आहे.

वेसला वाटलं असणार, नॉन्स म्हणजे वेडपट, बावळट. बऱ्याच अमेरिकनांना तसं वाटतं म्हणे. पण इंग्लंडच्या तुरुंगात हा शब्द लहान मुलांशी घाणेरडे प्रकार करणाऱ्या कैद्यासाठी वापरतात. हा शब्द मला शिकवला त्या दिवशी ग्रॅहम हसला नव्हता. म्हणाला होता, "हा थट्टेत नाही. कुणालाच नाही. कधीच नाही." आणि चहा अर्धा टाकून उठून गेला होता.

पेन्सिल त्या शब्दावर टेकवून मी किती वेळ बसलो सांगता येणार नाही. एक रेघ मारायची होती फक्त. पण मला दिसत होतं की रेघ मारली तर उद्या भाषण उत्तम होणार, ग्रॅहम डोळे पुसणार, वेसला मिठी मारणार आणि मी टाळ्या वाजवत बाजूला उभा राहणार. एकदा, फक्त एकदा, याच्या चुकीवर कुणी हसू नये असं मला वाटलं. मी रेघ मारली नाही. चौकटीत 'आर. जी.' लिहिलं आणि तारीख घातली.

"स्वीट ॲज," मी इथल्या भाषेत म्हणालो, म्हणजे एकदम झकास. वेसने मला कडकडून मिठी मारली.

निरोपाला सगळं ऑफिस किचनमध्ये जमलं होतं. ग्रॅहमची बायको मॉरीन आली होती, मुलगी आली होती, आणि आठ वर्षांची नात लॅमिंग्टनची, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या तुकड्यांची, ताटली घेऊन प्रत्येकापुढे जात होती. फिओनाने 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून सुरुवात केली आणि वेसला पुढे बोलावलं.

"घाबरू नका," तो म्हणाला, "आज एकही शब्द चुकणार नाही. रणजितने तपासलंय!"

सगळे हसले, माझ्याकडे वळले. ग्रॅहमने मला बघून चहाचा मग वर केला. इतक्या महिन्यांत त्याने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. मीही माझा मग वर केला.

वेस छान बोलला. लोक हसले, गप्प झाले, पुन्हा हसले. आणि मग त्याने हात पसरून ती शेवटची ओळ म्हटली.

निम्म्या लोकांना शब्द माहीत नव्हता, ते हसले. बाकीच्यांचे चेहरे उतरले. ग्रॅहमच्या मुलीने पुढे होऊन पोरीचा दंड धरला आणि तिला आपल्याकडे ओढलं, तशी ताटली कलंडली आणि लॅमिंग्टन जमिनीवर पडले. मॉरीन भिंतीकडे बघत राहिली. ग्रॅहम पांढराफटक पडला होता. मग तो खाकरला, आभाराची दोन वाक्यं बोलला आणि केक कापायला घेतला.

नंतर त्याने वेसला सिंककडे नेलं आणि कानात काहीतरी सांगितलं. वेस तिथेच खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून. मी कान टवकारून उभा होतो. तो माझं नाव घेईल म्हणून. "मला माहीत नव्हतं, ग्रॅहम, आय स्वेअर," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझं नाव त्याने घेतलं नाही. बहुतेक त्याला वाटलं असावं की मलाही माहीत नव्हतं.

ग्रॅहमने त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "यू ग्रेट डाफ्ट पिलॉक," तो म्हणाला. मॉरीनला हसू फुटलं. वेस रडता रडता हसला. मग ग्रॅहमने हात पुढे केला. "तो कागद दे. फ्रेम करतो."

त्याने चष्मा लावला. ड्रॉइंग वाचतो तसं, बोट फिरवत वरून खाली वाचलं. माझ्या पेन्सिलच्या खुणांवर त्याचं बोट थोडं थोडं थांबत होतं. शेवटी ते खालच्या कोपऱ्यात आलं आणि तिथेच राहिलं.

मी माझ्या टेबलावर जाऊन बसलो. तो तिथे आलाच.

"हे तू सगळं वाचलंस?"

"हो."

"तो शब्द तुला माहीत होता."

नजरचुकीने राहिला, असं म्हणता आलं असतं. पण एखाद्या कागदावर मी तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"माहीत होता," मी म्हणालो. "आय वॉज जेलस, ग्रॅहम. तुम्ही दोघं... मला हेवा वाटला."

शाळेतल्या पोराचं वाक्य वाटलं ते मला. रागही नव्हता ग्रॅहमच्या चेहऱ्यावर. मला राग चालला असता.

"माझी नात होती तिथे," तो म्हणाला.

मी मान खाली घातली आणि वाट बघितली. मला कुठली शिवी लागू पडते हे मला पक्कं माहीत होतं, यादी त्यानेच पाठ करून घेतली होती. एकापेक्षा जास्त लागू पडत होत्या. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि माझ्यापुढे हात धरला.

"थँक यू फॉर एव्हरीथिंग, रणजित. तुझ्याबरोबर काम करून आनंद झाला."

मी तो हात हातात घेतला. "घाल की एखादी शिवी, म्हाताऱ्या," माझ्या तोंडून मराठीत निघालं.

"सॉरी?" त्याने अगदी अदबीने विचारलं.

"नथिंग."

"राजश्रीला माझा नमस्कार सांग," तो म्हणाला आणि परत किचनकडे गेला. थोड्या वेळाने तिकडून वेसला दिलेली एक शिवी ऐकू आली आणि मागोमाग सगळ्यांचं हसणं. ठेवणीतली शिवी होती. मला ती त्याने कधीच शिकवली नव्हती.